मामांचं मनगट

आमच्या तळमजल्यावरच्या मामांचा स्वतःच्या उजव्या मनगटावर जेवढा विश्वास होता, तेवढा कोपरखैरण्यात कुणाचा देवावरही नसेल. धान्यबाजार मुंबईहून वाशीला आला, त्याच्यामागोमाग हमालांच्या टोळीतले, मूळचे साताऱ्याचे हे मामाही आले, खांद्याला पोती ओढायचा लोखंडी हूक अडकवून. बिल्डिंगमधली प्रत्येक घट्ट बरणी आणि अडलेला नळ त्यांच्याकडे जायचा. बरणी उघडून देताना ते त्या बाईच्या नवऱ्याकडे असं बघत, की तो बिचारा पेपर वर करून तोंड लपवी. नवा भाडेकरू आला की चहाच्या आधी त्याच्याशी पंजा लढवायचा, हा त्यांचा रिवाज. माझे यजमान पहिल्याच दिवशी हरले आणि मामांनी त्यांना ‘साहेब’ म्हणणं सोडून दिलं.

असे हे मामा एकदा ट्रकवरून घसरले आणि तळहातावर पडले. मी तेव्हा वाशीत हाडांच्या डॉक्टरांकडे प्लास्टर घालायचं काम करत होते, म्हणून मीच त्यांना नेलं. एक्स-रेत हाड शाबूत निघालं. झालं. मामांनी ती फिल्म खिडकीच्या काचेला चिकटवली आणि मुलाची मार्कशीट दाखवावी तशी येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवू लागले. सूज उतरली, पण मनगट वळवलं की आतून ‘कट्’ असा आवाज येई. त्याचाही त्यांनी खेळ केला. गणपतीत पोरांना रांगेत उभं करून तो आवाज ऐकवला. हूक मात्र गुपचूप डाव्या खांद्यावर गेला आणि मामांच्या ‘उद्या न्या’मुळे बरण्या त्यांच्याकडेच मुक्कामाला राहू लागल्या. शेवटी मी त्यांना बजावलं, की मनगटात आठ लहान हाडं असतात, त्यांना एकमेकांशी बांधून ठेवणारे बंध असतात, त्यातला एक तुटलाय आणि बंध एक्स-रेत दिसत नाहीत.

“ताई, जे दिसतच न्हाय ते तुटंल कसं?”

मग मी समजावणं सोडलं आणि पंजा लढवायला बसले, जिन्याखाली, सगळ्यांसमोर. पन्नास किलोची बाई मी. मामांचा हात टेबलावर टेकला तेव्हा कुणी हसलं नाही. मामा खाली बघत म्हणाले, “पोतं सुटलं तर टोळी मला कशाला ठेवंल?”

दुसऱ्या दिवशी ते मुकाट्याने आले. या वेळी मूठ आवळून एक्स-रे काढायचा होता, म्हणजे बंध तुटला असेल तर हाडं फाकलेली दिसतात. मामांनी सगळ्या बाजाराचा जोर त्या मुठीत घातला आणि दोन हाडांमधली फट दात पडलेल्या जागेसारखी दिसली. डॉक्टरांनी बंध शिवला, प्लास्टर मी घातलं. पण उशीर झाला होता. मनगट पुढे निम्मंच वळायचं. पोती कायमची सुटली. टोळीने मात्र त्यांना सोडलं नाही, काट्यापाशी वजनाला उभं केलं.

बरण्यांचं बायकांनी आपसांत ठरवलं. झाकण आधी सैल करायचं, मग बरणी मामांकडे पाठवायची. मामा दातओठ खाऊन ती उघडत. मला असले लाड पसंत नाहीत, तरी एकदा लोणच्याची बरणी मीही तशीच पाठवली. ती परत आली ती एवढी घट्ट लावून, की मला उघडेना आणि यजमानांनाही उघडेना. बरणी घेऊन मी खाली गेले. मामा दारात वाटच बघत होते.

“ही खरी बरणी. आणा हिकडं.”

त्यांनी झाकण डाव्या हाताने फिरवलं, एका झटक्यात. उजव्या हाताने बरणी फक्त धरली होती. तेवढं त्याला जमायचं.