घास आणि गवत

आमच्या घरातला ससा खरं तर लेकीचा. ती शिकायला पुण्याला गेली आणि ससा आमच्या गळ्यात पडला. त्याच सुमारास माझी आई गेली, आणि गंगापूरकडच्या शेतावरून अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मी शहरात, गारखेड्यातल्या आमच्या फ्लॅटवर घेऊन आले. गावात भाऊ-भावजय आहेत, पण गुरं विकली होती आणि अण्णा दिवसभर रिकाम्या गोठ्याकडं बघत बसायचे. ते मला बघवेना.

यायला तयार झाले, पण राहायला नाही. लेकीच्या घरी बापानं चहा घ्यावा, ख्यालीखुशाली विचारावी आणि निघावं, हा त्यांचा कायदा. बॅगेतले कपडे कपाटात ठेवू देईनात. दर आठ दिवसांनी विचारायचे, "बाई, जाऊ का आता?" मी काहीतरी कारण काढून थांबवून घ्यायची. कारणं संपत आली होती.

मग त्यांना ससा दिसला. म्हणजे तो घरातच होता, पण एके दिवशी त्यांनी त्याच्याकडं जनावर म्हणून पाहिलं. "लई माजलाय हा. पोट बघ की," म्हणाले. माजणारच! पाकिटातला दाणा, वर गाजर, वर माझ्या नवऱ्याचं लपूनछपून बिस्कीट. आम्ही त्याला डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टर तरुण, आमच्या शहराच्या रीतीनं निम्मं हिंदी बोलणारे. ते अण्णांना म्हणाले, "बाबा, दाना एकदम कम करो. घास दो, घास. जितनी खाएगा उतनी."

अण्णा खूश. शहरात पहिल्यांदाच कुणीतरी शहाणं भेटलं होतं.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडं शेतकऱ्याच्या तोंडी घास म्हणजे लसूणघास. पाणी देऊन वाढवलेला, हिरवागार, दुभत्या गाईला घालायचा. बांधावर आपोआप उगवतं ते गवत. घास वेगळा, गवत वेगळं, आणि दोन्हींत गल्लत करणारा माणूस आमच्यात बावळट समजला जातो. त्यामुळं अण्णांना शंका यायचं कारण नव्हतं आणि मलाही आली नाही. मीही त्याच मातीतली.

दुसऱ्या दिवसापासून अण्णा सकाळी फिरायला जाऊन येताना घासाची पेंढी आणायला लागले. देवळाबाहेर गाईला घालायला विकतात तीच. धुवायचे, निवडायचे, सशापुढं बसून एकेक काडी भरवायचे. त्याच्याशी गप्पा मारायचे. 'जाऊ का आता' बंद झालं. मी मनातल्या मनात डॉक्टरांना दुवा दिली.

काही आठवड्यांनी सशाच्या कोपऱ्यात पांढरं, घट्ट काहीतरी दिसायला लागलं. भिंतीला लावायचा चुना सांडावा तसं. सशाची लघवी तशीही थोडी गढूळ असते म्हणून मी पुसून टाकलं. मग ससा तासन्‌तास आपल्या ट्रेमध्ये पाठ वाकवून बसायला लागला. जोर करायचा आणि काही यायचं नाही. मागचे केस ओले, दात करकरा वाजायचे. एके सकाळी त्यानं अण्णांच्या हातातली काडीसुद्धा तोंडात घेतली नाही. अण्णांचा चेहरा उतरला.

डॉक्टरांनी एक्स-रे काढला. एवढीशी लघवीची पिशवी, पण पांढरीफेक भरलेली.

"क्या खिला रहे हो इसको?"

"तुम्ही सांगितला तोच. घास."

"कौनसी घास?"

अण्णांनी पिशवीतून पेंढी काढली. पेशंट दवाखान्यात भुकेला राहू नये म्हणून बरोबर आणली होती. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "बाबा, ये तो लुसर्न है! मैंने घास बोला था, घास!"

"मंग हे काय हाये?" अण्णांनी विचारलं.

हिंदीतली घास म्हणजे आपलं साधं गवत. दोघंही आपापल्या भाषेत बरोबर होते, आणि मधल्यामधे ससा मेटाकुटीला आला होता. डॉक्टरांनी समजावलं. सशाचं शरीर अन्नातला चुना, म्हणजे कॅल्शियम, भरमसाट शोषून घेतं आणि जास्तीचा लघवीतून बाहेर टाकतं. लसूणघासात तो खच्चून असतो. वाढत्या पिल्लाला ठीक, पण मोठ्या सशाच्या पिशवीत त्याचा गाळ बसतो. त्यांनी सलाईन दिलं, दुखणं कमी करायचं औषध दिलं. म्हणाले, "मोकळी लघवी झाली तर ठीक. नाहीतर भूल देऊन पिशवी धुवावी लागेल, आणि याची तब्येत बघता मला भीती वाटते."

रिक्षात अण्णा एवढंच बोलले, "लेकीच्या घरी येऊन जनावर मारलं मी. हे जगलं-वाचलं तर ठीक. नायतर मी उद्याच निघतो." मला ससा हवाच होता. पण खरं सांगते, त्याहून जास्त मला माझे वडील हवे होते.

आता गवत आणायचं. "कोन्तं बी चालतं?" अण्णांनी फोनवर खात्री करून घेतली. हिंदीत नाही, मराठीत. डॉक्टर म्हणाले, मुख्य म्हणजे वाळलेलं गवत, सोबत थोडी ताजी हरळी.

"हरळी?" अण्णा ओरडलेच. "आरं, जनम गेला माझा शेतातली हरळी खांदून काढन्यात!"

तरी खुरपं घेऊन समोरच्या मोकळ्या प्लॉटवर गेले. गॅलरीत साडीवर गवत वाळायला पडलं. पाण्याची बाटली काढून सशापुढं रुंद वाडगा आला, थोडी कोथिंबीर ओलीच त्याच्यापुढं यायला लागली, आणि नवऱ्याच्या बिस्किटांवर पहारा बसला.

एका दुपारी अण्णांची हाक आली, "बाई! पळ, पळ!" मी धावले. ससा त्यांच्या मांडीवर, आणि पांढऱ्या धोतरावर हा मोठा पिवळा डाग. "पातळ हाये! पान्यावानी!" असा आनंद त्यांना माझ्या बारावीच्या निकालालासुद्धा झाला नव्हता.

पोळा जवळ आला तेव्हा भावाचा फोन आला. स्पीकर चालू होता. "अण्णा, सणाला तरी घरी या."

"आन् जनावर?" अण्णा म्हणाले. "पोळ्याच्या दिवशी दावणीचं जनावर सोडून येतं व्हय कुनी?"

"तुमच्याकडं कुठलं आलं जनावर?"

"हाये की. तूच ये इकडं, लेकरांला घेऊन. पुरनपोळी करतीया बाई."

मला कुणी विचारलंच नव्हतं. घरचा कर्ता माणूस न विचारताच पाहुणे बोलावतो. मी डोळे पुसले आणि हरभऱ्याची डाळ किती शिल्लक आहे ते बघायला उठले.