शिट्टी सरांचा स्वेटर

साडूंच्या घरचं इंटरनेट बंद पडलं आणि माझ्यातला मेकॅनिक जागा झाला. वाय-फायच्या डबीच्या पाठीला एक बारीक भोक असतं, त्यात काहीतरी टोचलं की ती ताळ्यावर येते, एवढं ज्ञान मला आहे. टोचायला लांब, बारीक आणि टणक असं काहीतरी हवं होतं. सोफ्यावरच्या लोकरीच्या ढिगातून नेमकं तसंच काहीतरी डोकं वर काढून बसलं होतं. मी ते ओढलं, टोचलं, इंटरनेट चालू झालं. विजयी मुद्रेने वळलो तर दारात साडू उभे. अख्खा स्वेटर जिच्यावर तोललेला असतो ती विणायची सुई माझ्या हातात होती.

साडू म्हणजे शाळेतले निवृत्त कवायतीचे सर. सगळे त्यांना शिट्टी सर म्हणतात, कारण नोकरीत असताना गळ्यातली शिट्टी ते फक्त अंघोळीला काढत. निवृत्तीनंतर हुकूम ऐकणारं घरात कोणी सापडेना, तेव्हा त्यांनी टकळी हातात घेतली. कुठून तरी मेंढीची कच्ची लोकर आणायची, धुवायची, पिंजायची आणि गॅलरीत उभं राहून टकळी गरगरवत सूत काढायचं. घरभर मेंढीचा वास. माझी थोरली मेहुणी, म्हणजे आमच्या ताई, पाहुण्यांना दारातच सांगतात, ‘‘घाबरू नका, जनावर पाळलेलं नाही, नवराच आहे.’’

सूत एकसारखं निघेल तर शपथ. कुठे सुतळी, कुठे केस. सरांना त्याचंच कौतुक. विणलेल्यावरून बोट फिरवत ते सांगतात, इथे जाड झालं तेव्हा दाराची बेल वाजली, इथे बारीक आलं तेव्हा टीव्हीवर सामना रंगला होता. दुकानातल्या लोकरीत पुढे काय येणार ते आधीच ठाऊक असतं, मग विणायचं कशाला, असं त्यांचं म्हणणं. सुया हातात आल्या की या तापट माणसाच्या चेहऱ्यावर पोट भरलेल्या तान्ह्या बाळाचं समाधान पसरतं.

एकच दुखणं होतं. ताईंसाठी विणलेले त्यांचे सगळे स्वेटर कपाटात सुखाने आयुष्य कंठत होते. ‘टोचतो’ म्हटलं की विषय संपला. पण यंदा मैत्रिणींबरोबर थंड डोंगरात जायचं ठरलं आणि ताई आपणहून म्हणाल्या, करा एखादा, घालून बघते. लग्नाला होकार आला तेव्हाही सर एवढे हरखले नसतील. खास मऊ लोकर मिळवली, दुपारची झोप सोडली. प्रवास तोंडावर आला होता, फक्त गळा राहिला होता, आणि नेमके तिथे आमचे हात लागले.

आता सगळं भराभरा उसवत जाणार या धास्तीने मी श्वासही घेत नव्हतो. सर गुडघ्यांवर बसले, डोळे बारीक करून बघत राहिले आणि चक्क हसले. टाके जागच्या जागी आ वासून उभे होते. हातसुताला केसाळ लव असते, टाके एकमेकांना धरून राहतात. गिरणीची गुळगुळीत लोकर केव्हाच पळाली असती.

‘‘बघा,’’ सर म्हणाले, ‘‘एकाची उंची दुसऱ्यासारखी नाही, पण रांग मोडली का कुणी? रांग मोडणारे तुम्हीच एक.’’

शिक्षा म्हणून सगळे टाके मलाच परत सुईवर चढवायला लावले. ते सूत बोटांना किंचित तेलकट आणि उबदार लागतं. थोड्या वेळाने मला पुढचा टाका जाड निघतो की बारीक याचीच उत्सुकता लागली. माझी बायको शेजारून म्हणाली, माझं बोलणं कधी एवढं मन लावून ऐकलं नाहीत.

निघायच्या दिवशी भर दुपारी आम्ही बस स्टँडवर पोचलो. ताई स्वेटर घालूनच आल्या होत्या. एका मैत्रिणीने कुठून घेतला म्हणून विचारलं, तर ‘‘घरचाच आहे, काय करता,’’ म्हणाल्या. बाही ओढून पाहिली, मानेशी जरा खाजवलं, सरांना गॅस, गोळ्या आणि दूध यांच्या सूचना दिल्या आणि चढल्या. बाकीच्या बायका वर्तमानपत्राने वारा घेत होत्या. ताई खिडकीशी घामाने निथळत, हनुवटीपर्यंत लोकरीत. बस हलली.

मला सरांची फार दया आली. म्हटलं, ‘‘एवढा जीव ओतलात, आणि ताई साधं ‘छान’सुद्धा म्हणाल्या नाहीत हो.’’

बस वळणाआड जाईपर्यंत सर टाचा उंचावून बघत होते. मग माझ्याकडे वळले.

‘‘काढला का तिने?’’