शिट्टीशिवाय पाणी नाही

काल शेजारच्या वावरात पेटलेलं मळणीचं भुसकट-कुटार कोणीतरी पाणी मारून विझवलं, अन् त्या वासानं मले रिठद गावची गंजी आठवली. तेव्हा अग्निशमनच्या गाडीवर नवीन पोरं आली होती अन् त्याइचा साहेब मी. पहिल्याच दिवशी बजावलं, "आगीपाशी सारेच वरडतात. कोणाचंच आयकू नका, माह्यंबी नाही. शिट्टी वाजली तरच पाणी सोडा." त्या दुपारी एका म्हातारीची सोयाबीनची गंजी पेटली; तिचं वर्षाचं पीक त्यातच. पोरं पाइप धरून तयार. मी पुढं होऊन शिट्टी फुंकली, तर खिशातला तंबाखू आत जाऊन बसलेला. नुसती हवा निघाली. "सोडा पाणी!" मी ओरडलो. पोरं ढिम्म. "साहेब, शिट्टी!" म्हातारी भडकली, "मुडद्यांनो, माही गंजी जळून राह्यली, शिट्टी कायले पायजे रे?" अन् जवारीवरची पाखरं हाकलणारी ती बाई, दोन बोटं तोंडात घालून तिनं अशी शिट्टी मारली की पाणी सुटलंच, अन् समोर उभा असलेला मी थेट उकिरड्यात. अर्ध्याच्या वर गंजी वाचली. पोरांनी सलाम ठोकला तो म्हातारीले. गाव अजून हसते. हसू द्या. तंबाखू ओला निघाला, त्याले मी काय करू? पोरं मात्र मी पक्की घडवली होती.