सव्वीस आणि सवा बीस

माझ्या गोष्टी आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहेत. मोजणीचं चाक ढकलता ढकलता मी एका वरातीत शिरलो आणि मांडवापर्यंतचं अंतर बिनचूक नोंदवून आलो, ही गोष्ट तर पोरं मला मध्येच अडवून स्वतः पुरी करतात. आज जी लिहितोय ती मात्र कुणी ऐकलेली नाही. बायकोनेही नाही. ही सांगायला तोंड उघडलं की मला नेमकी दुसरी एखादी गमतीची गोष्ट आठवते — आणि मी तीच सांगून मोकळा होतो. आत्तासुद्धा तेच केलं, पाहिलंत ना?

तर — मी टेलिकॉमचा सर्व्हेअर. जमिनीखालून केबल टाकायची असली किंवा कुठे टॉवर उभा करायचा असला, की आधी कुणालातरी तो रस्ता पायी चालून पाहावा लागतो. दांड्याला लावलेलं एक चाक ढकलत जायचं आणि लिहीत जायचं — किती मीटर झाले, कुठे नाला, कुठे पूल, कुठे नुसती माती, कुठे खडक. हे कुणीतरी म्हणजे मी. झाशीत आणि आसपास, बावीस वर्षं. इकडे खडकाला काही तोटा नाही. छावणीतून रस्ता जात असेल तर परवानगीच्या कागदासाठी दोन-तीन दिवस नुसतं बाकावर बसायचं, आणि फोटो काढायचा नाही. सीपरी बाजारात उलट — परवानगी कुणी विचारत नाही, पण चाकापुढे दर दहा पावलांवर एक स्कूटर उभी.

लोक मला एकच गोष्ट विचारतात. ‘भैया, मिलता कितना है?’ आणि खरं सांगू, हा प्रश्न मलाही पडतो. बावीस वर्षांत मला रस्ते कळले, पगार कळला नाही. एकाच सडकेवरून दोघं चालतात, एकच चाक आळीपाळीने ढकलतात — एकाला महिन्याचा पगार, दुसऱ्याला ठेकेदाराकडून किलोमीटरवर. ज्याला इंग्रजीत रिपोर्ट लिहिता येतो त्याला थोडं जास्त. ज्याला तोच रस्ता कॉम्प्युटरवर काढता येतो त्याला आणखी जास्त, शिवाय डोक्यावर पंखा. जो ड्रोन उडवतो त्याला सगळ्यांहून जास्त, आणि तो चालतच नाही. म्हणजे जमिनीला पाय जितके कमी लागतील तितका पगार चढतो — हा माझा शोध. खडकाळ रस्त्याचा दर मातीच्या रस्त्याहून वरचा असतो, पण तो खणणाऱ्या ठेकेदाराला. खडकावरून चालणाऱ्याला चप्पल बदलावी लागते, एवढंच.

पगार कमी-जास्त होण्याचं आणखी एक कारण मला ठाऊक आहे. ते कुठल्या कंपनीच्या कागदात सापडायचं नाही. तिकडेच जायचंय मला. पण जरा वळणाने जातो — सरळ गेलो तर मध्येच परत फिरेन, माझा मला भरवसा नाही.

झाशीत आम्हा मराठी लोकांची घरं आता मोजकीच. कधीकाळी कुणी पूजाअर्चेला आला, कुणी कारकुनीला, कुणी फौजेत, आणि इथलाच होऊन गेला. गणपतीत सगळे एकत्र जेवतो. तिथे माझे मेहुणे — आम्ही त्यांना भाऊजी म्हणतो, बँकेतून निवृत्त झालेले — पानावर बसले की प्रत्येक पुरुषाला विचारणार, “काय, हल्ली हातात किती पडतात?” जसं कुणी तब्येत विचारावी. एका वर्षी मी म्हणून गेलो, “पंचेचाळीस.” तेव्हा पगार होता सत्तावीस हजार. पण एकदा, एकाच महिन्यात, बाहेरगावचा भत्ता, पेट्रोल, थकलेला जुना फरक असं सगळं मिळून पंचेचाळीस हातात आले होते. म्हणजे खोटं नव्हतं. एका महिन्याचं खरं होतं. बायको समोरून आमटी वाढत होती. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, “ते पंचेचाळीस एकदा मलाही भेटवा. माझी ओळख नाही झाली त्यांची.”

पंचेचाळीस मग तसेच राहिले. एकदा सांगितलेला आकडा खाली आणायची रीत आमच्यात नाही.

आता रेवती. ताईची आणि भाऊजींची मुलगी, माझी भाची. इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेतली, नकाशे काढायचा कोर्स केला, आणि का कोण जाणे, तिला माझंच काम करायचं होतं. लहानपणी माझ्या चाकामागून फिरायची, त्याचा परिणाम असेल. घरात मराठी सगळं समजतं तिला, पण बोलताना अर्ध्या वाक्यात हिंदीत उतरते. आणि मराठी आकडे — ते तर आमच्या सगळ्याच पोरांच्या हातून निसटले. एकोणसाठ म्हटलं की चेहऱ्याकडे बघत राहतात.

पाच वर्षांपूर्वी तिने एका मोठ्या कंपनीत सर्व्हेअरच्या जागेसाठी अर्ज केला. माझ्या नव्हे, दुसऱ्या. त्यांचा इथला मॅनेजर चहाच्या टपरीवरचा माझा ओळखीचा. त्याने मला सहज सांगितलं होतं — नव्या माणसाला सव्वीसपर्यंत द्यायची मुभा आहे, “पर जो जितना माँगेगा उतना ही देंगे, भाईसाहब. हम अपनी तरफ़ से क्यों बढ़ाएँ?” हे रेवतीला सांगायचं मी ठरवलं होतं. अगदी ठरवलं होतं. ते माझ्या बाजूने लिहा — नको, लिहू नका. ठरवण्याने काय होतं?

मुलाखतीच्या दिवशी तिचा फोन आला. मागे हॉर्न, एक भाजीवाला ओरडतोय. “मामा, कितना बोलूँ? लवकर सांगा, माझ्या आधी फक्त एक लड़का आहे.”

मी म्हटलं, “सव्वीस.”

“सवा बीस?” ती म्हणाली. “बीस हज़ार ढाई सौ? ये कैसा नंबर हुआ मामा, हँसेंगे सब. राउंड में बीस बोल दूँ?”

तुम्हाला वाटेल, हाच तो गैरसमज. कान हिंदीचा, आकडा मराठी, वर बाजाराचा गलका — झाशीबाहेर कुठे घडणारही नाही अशी चूक. माझ्या गमतीच्या गोष्टींत ही पहिल्या नंबरची झाली असती. पोरांनी ती पाठ केली असती.

पण मला ऐकू आलं होतं. ती काय समजली ते मला त्याच क्षणी कळलं होतं. ‘छब्बीस’ एवढंच म्हणायचं होतं. एक शब्द. हिंदीत.

मी म्हटलं, “हं. बोल.”

का? मी स्वतःला हे कितीदा विचारलंय, आणि जरा परक्या माणसाकडे बघावं तसं कुतूहलाने विचारलंय. तिचं वाईट व्हावं असं मला वाटत होतं का? नाही, शपथेवर सांगतो. पण ती बोलत होती त्या तीन-चार सेकंदांत माझ्या डोळ्यांसमोर सत्तावीस आला. माझा, सतरा वर्षांनंतरचा. आणि त्याच्या खाली फक्त एक हजाराने, पहिल्याच दिवशी, ही. गणपतीतलं पान आलं डोळ्यांसमोर. भाऊजींचा आवाज आला — आमच्या रेवूला तर सुरुवातच सव्वीसने, मग तुम्हाला आता साठ तरी असतील. वीस म्हणजे कसं, ऐसपैस अंतर होतं. मी मामा राहत होतो.

एवढंच. याहून मोठं कारण मी शोधून पाहिलं. सापडलं नाही.

तिने वीस मागितले, वीस मिळाले. पेढे घेऊन पहिली माझ्याकडेच आली. आणि पुढे दरवर्षीची वाढ त्या विसावरच, टक्क्याने. खालची वीट लहान बसली की वरची प्रत्येक तेवढीच आत सरकते, हे बांधकामवाल्यांना माहीत असतं. मलाही होतं.

इथे थांबलो असतो तर कबुली लहान झाली असती. पण दोन वर्षांनी ती पुन्हा आली. रविवार होता. मी ओट्यावर बसून चाकाला तेल घालत होतो. ती समोर बसली. मग कळलं — तिच्या आधी मुलाखत दिलेला तो लड़का, ललितपूरचा सौरभ, त्याच दिवशी लागला होता, त्याच कामावर. त्याने सव्वीस मागितले आणि त्याला ते मिळाले. दोन वर्षांनी गप्पांत ते बाहेर आलं.

तिने मला दोष दिला नाही. दिला असता तर? तर मी बहुतेक सांगून टाकलं असतं. बहुतेक. पण तिने विचारलं ते वेगळंच. अगदी साध्या आवाजात, शिकायला बसल्यासारखं. “मामा, तुम्ही मला सवा बीस सांगितलं होतं ना. म्हणजे लड़कियों का रेट वही था?”

म्हणजे माझा आकडा चुकला असेल, हे तिच्या मनातही आलं नव्हतं. अठरा-वीस वर्षं या लाइनीत असलेला मामा चुकीचा आकडा कसा सांगेल? मग उरलं एकच कारण. ते तिने स्वतः शोधून आणलं होतं आणि माझ्यापुढे ठेवलं होतं — फक्त बरोबर आहे का ते बघायला.

आणि मी ते बरोबर आहे असं सांगितलं.

“असंच असतं गं,” म्हणालो. “मुलींना फील्डवर पाठवत नाहीत ना. उन्हातान्हात चालायचं असतं. म्हणून थोडं कमी धरतात.” नुसतं एवढंच नाही, वर समजावलंही. गोष्टी सांगणाऱ्या माणसाचा हा ताप असतो, खोट्यालासुद्धा तो तपशील पुरवतो. पहिल्या वेळी मी नुसतं ‘हं’ म्हणालो होतो. या वेळी मी बोललो. तुम्हीच ठरवा यातलं कुठलं वाईट. मला विचाराल तर दुसरं. पहिल्यात तिचे पैसे गेले. दुसऱ्यात तिला वाटायला लागलं की आपण मुळातच थोड्या कमी आहोत.

त्या उन्हाळ्यात तिने मॅनेजरकडे जाऊन फील्ड मागून घेतलं. ऑफिसात पंख्याखाली नकाशे काढण्याचं काम होतं तिचं, ते अर्धं सोडलं. मे महिना, झाशीचा. खडक असा तापतो की संध्याकाळीही त्यावर हात ठेववत नाही. ती बबीन्याच्या बाजूला रोज दहा-बारा किलोमीटर चाक ढकलत होती. ताई फोन करून मला म्हणायची, “अरे, समजाव तिला, काळी पडली पोरगी, पायाला फोड आलेत.” रेवती म्हणायची, “आई, जब तक फ़ील्ड नहीं करूँगी, बराबर कैसे मानेंगे?” मी तिला माझी जुनी टोपी दिली. कडेला मोठी झालर आहे, मान झाकते. ताईने ते सगळ्या नातेवाइकांत सांगितलं, मामाने टोपी दिली म्हणून.

पगार वाढला नाही. फील्डचा भत्ता वेगळा मिळाला, पण भत्ता म्हणजे पगार नव्हे — हे माझ्याहून चांगलं कुणाला माहीत?

ती आता चांगली सर्व्हेअर आहे. माझ्याहून चांगली. तिचे नकाशे मी पाहतो, कुठेही एक नाला सुटलेला नसतो. तिला याहून जास्त मिळायला हवं, असं मी घरात सगळ्यांसमोर म्हणतो. सगळे माना हलवतात.

मागच्या रविवारी मी ताईकडे गेलो होतो. रेवती स्वयंपाकघरात चहा टाकत होती आणि खांद्याने कानाशी फोन धरला होता. पलीकडे कुणी नवी मुलगी होती, त्याच कंपनीत मुलाखतीला जाणार होती, किती मागू म्हणून विचारत होती. आता नव्या माणसाला बत्तीस देतात. मॅनेजरने मला मागच्याच महिन्यात सांगितलं, त्याच टपरीवर. रेवती तिला म्हणत होती, “चौबीस-पच्चीस बोलना, उससे ऊपर लड़कियों को नहीं देते. अरे मैं अपने मन से नहीं कह रही, मेरे मामा इतने साल से इसी लाइन में हैं. सामने ही बैठे हैं, रुक.” तिने फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. “मामा, चोवीस-पंचवीस बरोबर ना?”

चोवीस, पंचवीस. मराठीत, नीट म्हणाली.

मी मान हलवली. ती फोनवर म्हणाली, “हाँ, वही.” ती मुलगी कोण, कुठली, मला माहीत नाही. मी नाव विचारलं नाही.

मग रेवतीने चहा आणून दिला. मी प्यायलो. साखर कमी आहे, असंही म्हणालो.