मी आजोबांना घेतलं

सुरुवातीलाच माफी मागतो. लिहिणं हे माझ्यासारख्याचं काम नाही. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढं कुणी गेलेलं नाही, आणि घरात कुणी काही लिहायचं ते फक्त लग्नपत्रिकेवर पाहुण्यांची नावं घालायला. त्यात माझा विषयही पुस्तकात शोभणारा नाही. व्हिडिओ गेम, आणि तोही मारामारीचा. याला दुसरं काही सुचलं नाही का, असं कुणी म्हटलं तर त्याचं चुकणार नाही. मी दोन-तीनदा दुसरंच लिहायला बसलो होतो, आईबद्दल, गावाबद्दल. पण दोन पानं झाली की कळायचं, हे टाळायला मी ते लिहितोय. म्हणून शेवटी हेच लिहितो. काही चुकलं तर समजून घ्या.

मी मोडनिंबचा. वडिलांचं हायवेला पंक्चरचं दुकान आहे. बारावीनंतर सोलापूरला सायन्सला प्रवेश घेतला. पहिले दोन महिने वर्गात मी कुणाशी बोललो असेन तर ते "इथं कुणी बसलंय का" एवढंच. सर इंग्रजीत काही विचारायचे आणि मी मान हलवायचो, बहुतेक वेळा चुकीच्या जागी.

खोलीवरून कॉलेजला जाताना एका चादरीच्या दुकानावर गेम पार्लर लागायचं. अरुंद जिना, वर एकच लांबट खोली, चार टीव्ही आणि स्पंज बाहेर आलेले दोन सोफे. मालकाला सगळे चाचा म्हणायचे. मी आठवडाभर नुसता दारात उभा राहून बघत होतो. एक दिवस खेळणाऱ्यांपैकी एकानं स्क्रीनवरची नजर न काढता विचारलं, "उभं राहून काय बघतो बे? बस की. बघायला तिकीट न्हाय." मी बसलो.

तो आमच्याच कॉलेजचा निघाला, पण कॉमर्सचा. त्यांचे वर्ग सकाळी सातला भरायचे आणि आमचे अकराला, त्यामुळं कॉलेजात आमची गाठ कधी पडली नसती. त्याच्या घरी तेलुगू बोलायचे. वडील टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर होते. कुठला, असं त्यानं मला विचारलं आणि त्या दिवसापासून माझं नाव मोडनिंब झालं. खरं सांगतो, सोलापुरात मला कुणीतरी हाक मारली याचाच मला आनंद झाला.

तिथं खेळायचे तो गेम असा होता की वेगवेगळ्या गेममधली, कॉमिक्समधली, सिनेमातली पात्रं त्यात एकत्र आणलेली. एका गोष्टीतला देव आणि दुसऱ्या गोष्टीतला साधा पोलीस समोरासमोर उभे, दोघांच्या डोक्यावर जिवाची पट्टी मात्र सारखीच लांब. मला हे फार आवडलं होतं. पण बनवणाऱ्यांना ते नीट जमलेलं नव्हतं. तीन पात्रं अशी होती की त्यांच्यापुढं बाकीच्यांचं काही चालत नसे. एक पोलादी पैलवान, त्यानं एकदा धरलं की निम्मी पट्टी गेली. दुसरा निळा यंत्रमानव, त्याला आमच्याकडे विजेच्या डब्यावरून डीपी म्हणायचे, कारण हात लागला की माणूस संपला. आणि तिसरे आजोबा. पांढऱ्या दाढीचे, हवेत तरंगणाऱ्या खुर्चीवर बसलेले. ते खुर्चीतून उठतसुद्धा नसत. बोट हलवलं की चार बाजूंनी आगीच्या चकत्या निघायच्या. एक चुकवावी तर दुसरी पाठीत बसे. आजोबांना घेऊन कुणीही जिंकू शकत होतं. बटणं कशी दाबता याला अर्थच नव्हता.

म्हणून चाचांच्या भिंतीवर एका फळ्यावर खडूनं या तिघांची नावं लिहिलेली होती. हे घ्यायचे नाहीत. पण त्यात एक सवलत होती, आणि ती त्या पोरांनीच काढलेली होती. नवीन आलेल्यानं आजोबांना घ्यायला हरकत नाही. त्याला पाहुणा म्हणायचे. नाहीतर नवीन माणूस रोज हरणार, कंटाळणार आणि जिना उतरून जाणार. पाहुण्याचे पाच विजय झाले की सगळे टाळ्या वाजवून ओरडायचे, "पाहुणचार संपला!" मग त्यानं फळ्यासमोर उभं राहून आजोबांना हात जोडायचे आणि पुन्हा कधी घ्यायचं नाही. हे कुणी तपासत नसे. पण मोडल्याचं मी ऐकलेलं नव्हतं.

माझे पाच विजय व्हायला तीन आठवडे लागले. आजोबांना घेऊनही मी हरत होतो. तो कॉमर्सवाला शेजारी बसून हसायचा. "आबे, खुर्चीवर बसलेल्या म्हाताऱ्याला पाडलंस तू. त्यानं काय करायचं आता, स्टुलावर बसायचं?" पाचव्या विजयाला सर्वांत जोरात तोच ओरडला. मी फळ्यासमोर हात जोडले.

त्यानंतर त्यानं मला खरा खेळ शिकवला. रविवारी तर मी न चुकता जायचो. मी भालेवाला घ्यायचो. तो स्वतः एक दोरीवाली मुलगी घ्यायचा. तिला कुणी घेत नसे. तिचा मार हलका, पट्टी पटकन संपणारी. पण तिची दोरी नेमक्या क्षणी सोडली तर समोरच्याचा वार त्याच्यावरच उलटायचा. तो क्षण पकडणं फार अवघड. तुला कसं जमतं, असं मी एकदा विचारलं. म्हणाला, "जन्मापासनं मागाचा आवाज ऐकतोय की. इकडनं तिकडं गेलेला धोटा कधी परत येणार ते झोपेतपण कळतंय." त्यानं शिकवलेलं मी अभ्यासापेक्षा जास्त मनापासून शिकलो, हेही इथं कबूल करतो.

दुसऱ्या सत्रात कॉलेजच्या स्नेहसंमेलनात कॉम्प्युटर विभागानं याच गेमची स्पर्धा ठेवली. मग एकदा जिन्यावर बसून त्यानं सांगितलं. भिवंडीला त्याच्या मामांचे माग होते आणि वडील त्याला तिकडं पाठवायचं म्हणत होते. कॉलेजात जाऊन तू करतोस काय, असं त्यांचं म्हणणं. वर्षभरात एकदा तरी काहीतरी करून दाखव, मग बघू.

"मग मी त्यांना संमेलनालाच बोलावलंय," तो म्हणाला. "प्राचार्यांच्या हातनं सर्टिफिकेट मिळतंय. सगळ्यांसमोर नाव घेतात. अप्पांना एवढं बास हाय. तेवढ्यावर ते वर्षभर थांबतील."

"तू जिंकणारच की," मी म्हणालो. तेव्हा मी ते मनापासून म्हणालो होतो.

स्पर्धेत नाव मीही दिलं. का दिलं, याचं उत्तर मी स्वतःला बऱ्याच प्रकारे दिलेलं आहे. खरं उत्तर असं की वडील फोनवर दर वेळी विचारायचे, "कॉलेजात काय चाललंय?" आणि सांगायला माझ्याकडं काही नसायचं. या वेळी मी आधीच सांगून ठेवलं होतं की कॉम्प्युटरची स्पर्धा आहे. मी शेवटपर्यंत पोहोचेन असं मला वाटलं नव्हतं. पण बाकीची मुलं घरी मोबाईलवर खेळणारी होती. त्यानं शिकवलेलं माझ्या हातात होतं. अंतिम फेरीत आम्ही दोघंच उरलो.

दुपारची वेळ, सभागृह भरलेलं. मागच्या भिंतीशी त्याचे वडील उभे होते. कारखान्यातून थेट आले होते, केसांवर आणि भुवयांवर कापसाचे तंतू तसेच. जागा असूनही ते बसले नव्हते.

तीनपैकी दोन डाव जिंकायचे होते. पहिल्या डावात मी भालेवाला घेतला आणि त्यानं दोरीवाली. मिनिटभरात खेळ संपला. माझा एकही वार लागला नाही. प्रत्येक वार माझ्यावरच उलटला आणि सभागृह हसू लागलं. माझ्या वर्गातली मुलं पुढच्याच रांगेत होती. त्यातला एक ओरडला, "अरे, ह्याला कुणीतरी चार्जिंगला लावा!" आख्खी रांग हसली. शेजारी कंट्रोलर धरून बसलेला तोही हसला, पण माझ्याकडं बघून, जवळच्या माणसाकडं बघून हसतात तसा. "आरामात खेळ की बे," हळूच म्हणाला.

दोन डावांच्या मध्ये पात्र बदलता येत होतं. आयोजकांनी कुठल्याच पात्रावर बंदी घातली नव्हती. त्यांना काही माहीतच नव्हतं. आणि तोही आयोजकांकडे काही बोलला नव्हता, कारण समोर मी होतो.

मी चौकट सरकवत आजोबांवर नेली. स्क्रीनकडं बघून तो हसला. त्याला चेष्टा वाटली. मी बटण दाबलं. तरी तो क्षणभर हसतच राहिला, मी रद्द करीन अशा समजुतीनं.

पुढचे दोन्ही डाव मी जिंकलो. सांगण्यासारखं त्यात काही नाही. आगीच्या चकत्या सुटत राहिल्या. त्यानं त्यातल्या पुष्कळ चुकवल्या, काही उलटवल्याही. शेवटच्या डावात माझी पट्टी बोटभर उरली होती. दुसरं कुठलंही पात्र माझ्या हातात असतं तर मी हरलो असतो. सभागृह टाळ्या वाजवत होतं. त्यांना मी उशिरा रंगात आलो असं वाटलं.

त्यानं हातातला कंट्रोलर टेबलावर ठेवला, वायर नीट गुंडाळून. मग मला विचारलं, "अजून पाहुणाच हायस का बे तू?"

एवढ्यात माझं नाव पुकारलं आणि मी प्राचार्यांकडं गेलो. प्रमाणपत्र घेताना फोटो काढला, त्यात मी हसतो आहे. खाली उतरलो तर त्याचे वडील समोर आले. पोराच्या वयाच्या माझ्याशी ते अहोजाहो करून बोलले. "तुम्हीच काय जिंकलं? चांगलं खेळलं." आणि हात पुढं केला. तो हात हातात घेतल्याचं मला अजून आठवतं, तळव्याच्या घट्ट्यांसकट. मी "थँक्यू" म्हणालो. त्यांना एका वाक्यात खरं सांगता आलं असतं. तुमचा मुलगा माझ्यापेक्षा चांगला खेळतो, मी ठरलेलं मोडलं. एवढं म्हणायला कितीसा वेळ लागतो?

गावी ते प्रमाणपत्र माझ्या वडिलांनी लॅमिनेट करून दुकानात कॉम्प्रेसरच्या वर टांगलं. ते इंग्रजीत आहे. टायर काढेपर्यंत ट्रकवाले बाकावर बसतात, त्यांना वडील सांगतात, "पोरगा कॉम्प्युटरमधी पयला आलाय." एकदा माझ्यासमोरच एका ड्रायव्हरनं ते मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, "गेमिंग म्हणजे काय हो?" वडिलांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "कॉम्प्युटरचाच एक विषय आहे." वडिलांनी समाधानानं मान हलवली आणि पान्याकडं वळले.

चाचांच्या पार्लरला मी पुन्हा गेलो नाही. कॉलेजला जायचा रस्ताच बदलला. सकाळच्या वेळी कॉमर्सच्या इमारतीकडं फिरकायचो नाही. मनात मात्र मी त्याच्याशी रोज बोलत होतो. तो नेहमीच्या सोफ्यावर बसलेला असेल, मी जिना चढून जाईन, तो आधी शिवी देईल, मग "बस की" म्हणेल. माझी वाक्यं तयार होती. परीक्षा झाली की जाऊ, सुट्टी संपली की जाऊ, असं करत सात-आठ महिने गेले. एवढे दिवस तो तिथंच बसून असेल असं मी धरून चाललो होतो.

दिवाळीच्या आधी एका दुपारी मी जिना चढलो. खोलीत दोनच पोरं होती. चाचा खिडकीशी बसून एक कंट्रोलर उघडून साफ करत होते.

"अरे मोडनिंब! किधर गायब? आम्हाला वाटलं शिक्षण सोडून गेलास."

मी त्याचं नाव घेऊन विचारलं, तो कधी येतो.

चाचांनी ब्रश खाली ठेवला. "तो? तो भिवंडीला गेला की. संमेलन झालं त्याच आठवड्यात. बापानं कॉलेजातनं नाव काढून घेतलं. तुला माहीत न्हाय?"

मी नाही म्हणालो.

"रविवारी गेला. जायच्या आधी आला होता हितं. बाप पण होता संगं, पिशव्या घेऊन. त्या सोफ्यावर बसले होते दोघं. मी म्हटलं, गाडी चुकेल बाबा. तर म्हणाला, मोडनिंब रविवारी येतोच, त्याला भेटून जातो." चाचांनी कंट्रोलर उलटा करून झटकला. "दोन गाड्या सोडल्या त्यांनी. तिसरीला गेले."