केसाहून बारीक भोक आणि आत्याची बडबड

आत्याला कारखान्यात वेगळी खोली दिली ती तिच्या बडबडीला सगळे कंटाळले म्हणून, असं आमच्या जिन्यात छातीठोकपणे सांगतात. सांगणाऱ्यांपैकी एकानेही कारखाना पाहिलेला नाही, ही किरकोळ बाब. खोली वेगळी आहे ती ड्रिलच्या नाजूक तब्येतीसाठी. हे ड्रिल म्हणजे भोक पाडायची सुई, केसाहून बारीक. शेजारी कुणी दार आपटलं तरी महाराणी मोडून पडतात. आत्या मायक्रोस्कोपला डोळे लावून, बोटाने यंत्राची दांडी हलकेच दाबत, पत्र्याच्या पट्टीत भोकं पाडते. हीच आत्या घरी कपबश्या विसळायला घेते तेव्हा आई चांगल्या बश्या आधीच कपाटात लपवते.

बडबडीचं मात्र खरं. कामावर ऐकायला कुणी नसलं तरी तिच्या तोंडाचा पट्टा सुरूच.

मग नवे साहेब आले आणि त्यांनी भिंतीवर ‘शांतता राखा’ अशी पाटी लावली. खोलीत माणूस एकच. शांतता कुणाशी राखायची, ते पाटीवर नव्हतं. आत्याने ओठ आवळले, आणि ड्रिल पटापट मोडायला लागले. साहेबांनी निदान केलं: वय झालं. आता त्यांच्यासमोर एक अख्खी पट्टी ड्रिल न मोडता करून दाखवायची, नाहीतर पॅकिंगला जाऊन खोकी चिकटवायची. त्या संध्याकाळी आत्या चक्क गप्प बसून जेवली. घरातले सगळे घाबरले.

आंघोळ करताना तिला उलगडा झाला. गप्प बसलं की ती श्वास कोंडते. तो एकदम सुटतो आणि हात दचकतो. बोलताना श्वास आपला थोडा थोडा जात राहतो. म्हणजे बोलणं भाग होतं, तेही साहेबांसमोर. प्रस्तुत लेखिकेने लगेच पैज लावली, की साहेब समोर असताना हिच्या तोंडातून अक्षर फुटणार नाही. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचं सगळं म्हणणं मधे न बोलता ऐकायचं.

परीक्षेच्या दिवशी साहेब हाताची घडी घालून उभे राहिले. पहिल्याच भोकाला आत्याचा श्वास अडकला. तिने दांडीवरचं बोट उचललं.

“साहेब, मला बोलावं लागेल. तुम्ही नाही ऐकलंत तरी चालेल, आमच्या घरीही कुणी ऐकत नाही.”

आणि सुरू झाली. सासरी जावेने सोफा कसा आणला, तो दारातून कसा शिरेना, दिरांनी दाराचीच चौकट कशी काढली. बोट दांडीवर, भोकामागून भोक.

साहेबांनी पट्टी दिव्यासमोर धरली. प्रत्येक भोकातून उजेडाचा ठिपका.

“मग सोफा आत गेला का?” त्यांनी विचारलं.

आत्या अजून त्याच खोलीत आहे, पाटीही आहे. प्रस्तुत लेखिका रोज संध्याकाळी हा पराक्रम पहिल्यापासून ऐकते. आत्ता कुठे चौकट निघाली आहे, आणि मधे बोलायचं नाही.