डिफेन्सवाल्या काकू

अनोळखी माणसाच्या लग्नात जेवून येणारे लोक मी नाशिकला पाहिले होते. अनोळखी माणसाच्या पीएच.डी.च्या परीक्षेला जाऊन बसणारी बाई मात्र मी कॅनडात आल्यावर पाहिली. इथे प्रबंध लिहून झाला की शेवटी एक तोंडी परीक्षा असते, तिला डिफेन्स म्हणतात. ती उघड्या दारानं होते. कोणीही येऊन ऐकावं. अर्थात कोणी येत नाही. उमेदवाराचा नवरा किंवा बायको, प्रयोगशाळेतले दोघे-तिघे आणि फुकटच्या कॉफीसाठी शिरलेला एखादा, एवढीच गर्दी. आमच्या गावात मात्र तिसऱ्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीवर पंजाबी ड्रेसवर मुलाचं जुनं हॉकीचं जॅकेट चढवलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या काकू असायच्याच.

त्यांना ही सवय चुकून लागली. काका गेल्यानंतरचा पहिला हिवाळा होता. बस यायला उशीर होता, बाहेर उभं राहवत नव्हतं, म्हणून त्या समोरच्या इमारतीत शिरल्या. एका खोलीबाहेर कॉफी आणि बिस्किटं मांडलेली दिसली. काकूंना वाटलं, व्याख्यान असेल. दोन तास बसल्या. शेवटी अध्यक्षांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, श्रोत्यांपैकी कोणाला काही विचारायचंय का? असा प्रश्न विचारायचा असतो, त्याला उत्तर यायचं नसतं. काकूंनी हात वर केला. "आय हॅव वन सिंपल क्वेश्चन," त्या म्हणाल्या. विषय दोनशे वर्षांपूर्वीच्या धान्याच्या व्यापाराचा होता. काकूंनी त्या पोराला विचारलं, "हे सगळं शोधताना तुला कंटाळा कधी आला?" तो आधी हसला, मग दहा मिनिटं बोलत राहिला आणि दिवसभरातलं सगळ्यात चांगलं बोलला, असं म्हणतात. तेव्हापासून काकू विद्यापीठाच्या नोटीस बोर्डवरच्या तारखा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर उतरवून घ्यायला लागल्या.

काकू मूळच्या नागपूरच्या. काका इथल्या विद्यापीठात लॅब टेक्निशियन होते. टोरांटोहून बसनं तीन तासांवरचं हे छोटं गाव. एक विद्यापीठ, एक तळं, एक मुख्य रस्ता. काकूंच्या लेखी इथली प्रत्येक गोष्ट दहा मिनिटांवर होती. लायब्ररी दहा मिनिटं, दवाखाना दहा मिनिटं, तळं दहा मिनिटं. घड्याळ लावून पाहिलं तर तळ्याला पंचवीस लागायची, त्यातली पंधरा वाटेत भेटणाऱ्यांशी बोलण्यात जायची. बस ड्रायव्हरच्या मुलीचं गणित कसं चाललंय हे काकूंना माहीत असायचं आणि काकूंचा गुडघा कसा आहे हे लायब्ररीतल्या बाईला. एप्रिल संपताना पोरं घरी पळायची आणि फुटपाथवर सोफे, टेबलं, दिवे टाकून जायची. त्या आठवड्याला काकू 'सुगी' म्हणत. सप्टेंबरात नवी पोरं आली की पायरीवर उभ्या राहून त्यांच्याकडे कौतुकानं बघत. "शिकणारी माणसं असली की गाव म्हातारं होत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते म्हणताना त्या गावाविषयीच बोलत असत, याची मला खात्री नाही.

मी त्यांच्या घरी राहायला गेले ती एका अपघातामुळे. एका जानेवारीत काकू बर्फावरून घसरल्या आणि मनगट मोडलं. कॅल्गरीहून त्यांचा मुलगा मिलिंद धावत आला. तिकडे तेल कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे, मनानं चांगला, फक्त आईशी ऑफिसातल्यासारखा बोलतो. त्यानं दोन पर्याय ठेवले. एक तर कॅल्गरीला चल, नाहीतर बेसमेंटमध्ये कोणीतरी भरवशाचं माणूस राहायला हवं. काकू कॅल्गरीला एकदा जाऊन आल्या होत्या. "चांगलं आहे गं सगळं," त्या मला म्हणाल्या, "घर मोठं, सून गुणाची. फक्त दाराबाहेर पडायचं तर गाडी काढणारं माणूस लागते." ते भरवशाचं माणूस म्हणून माझी नेमणूक झाली. माझं सामान वरून खाली न्यायला काकू प्लास्टरमधल्या हातानं मदत करत होत्या आणि मी नको नको म्हणत होते.

माझा प्रबंध मिठावर होता. हिवाळ्यात इथे बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. ते मीठ वसंतात वाहून तळ्यात कसं जातं आणि तिथे काय उत्पात करतं, हा माझा विषय. माझ्या आईला तो अजून कळलेला नाही. काकूंना पहिल्याच दिवशी कळला, आणि तिथून माझ्यामागे शुक्लकाष्ठ लागलं. रोज सकाळी मी वर चहाला गेले की विचारायच्या, "काय करून राहिली? कितवं प्रकरण?" माझे प्राध्यापक महिन्यातून एकदा विचारत, काकूंची मीटिंग रोज असे.

पाचवं प्रकरण आलं आणि मी अडले. खरं सांगायचं तर अडले नव्हते, ते लिहून तयार होतं. पण ते दिलं की डिफेन्सची तारीख ठरणार, टोरांटोजवळच्या मिसिसागाची नोकरी मिळालेलीच होती, मी जाणार, आणि मी गेले की मिलिंद काकूंना उचलून नेणार. हे सगळं मला स्वच्छ दिसत होतं. मग मी आकडे पुन्हा तपासते म्हणाले. दोन सत्रं तपासत राहिले.

छोट्या गावात लबाडी टिकत नाही. शनिवारच्या बाजारात काकू कांद्याची पात निवडत होत्या आणि शेजारी माझे प्राध्यापक. काकूंनी विचारलं, हिची तारीख कधी? ते म्हणाले, तिनं प्रकरण दिलं की. घरी येऊन काकूंनी पिशवी ओट्यावर ठेवली.

"खोटं बोलून राहिली तू माझ्याशी?"

"आकडे तपासतेय, काकू."

"दोन टर्म? मिठाला काय पाय फुटले का?"

मग मी सगळं सांगून टाकलं. काकू नळ सोडून पात धूत राहिल्या, धुतलेलीच पुन्हा धुतली. "बाप्पा!" त्या शेवटी म्हणाल्या. "माझ्या घरासाठी तुझी डिग्री अडवून ठेवू? माझं मी बघीन. उद्या प्रकरण देऊन ये." मी दिलं. आठवडाभर आम्ही दोघी एकमेकींशी फार जपून वागत होतो, ते मला अजिबात आवडलं नाही.

डिफेन्स मार्चमध्ये झाला. मिलिंद कॅल्गरीहून आला होता. त्याच खेपेत आईला घेऊन जायचं त्यानं मनाशी ठरवलं होतं. तो काकूंच्या शेजारी फोन बघत बसला. माझं बोलणं झालं, परीक्षकांचे प्रश्न झाले, अध्यक्षांनी रिवाजाप्रमाणे श्रोत्यांकडे पाहिलं आणि काकूंचा हात वर गेला.

"आय हॅव वन सिंपल क्वेश्चन. यू आर सेइंग, लेस सॉल्ट. व्हेरी गुड. देन हाऊ विल आय वॉक?"

खोलीत कोणी हसलं नाही. मी एक स्लाइड मागे गेले, मग पुढे आले, आणि थांबले. साडेसहा वर्षं मी गाड्या मोजल्या, मासे मोजले, पाण्यातला क्षार मोजला. पायी चालणारं माणूस माझ्या प्रबंधात कुठेच नव्हतं, आणि मी राहत होते ते मनगट मोडून घेतलेल्या बाईच्या घरात. मी तसं कबूल केलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं. निकाल लागला: पास, मात्र चालणाऱ्यांविषयी दोन पानं वाढवा.

बाहेर कॉफी होती. मिलिंदनं माझं अभिनंदन केलं आणि लगेच आईकडे वळला. "सो आई, सॅटर्डेची फ्लाइट बुक करतो. बी प्रॅक्टिकल."

"कायची फ्लाइट?" काकू म्हणाल्या. आणि टेबलापाशी मफिन खात उभ्या असलेल्या एका मुलीला त्यांनी दंडाला धरून पुढे आणलं. "ही अनुजा. कोल्हापूरची. पीएच.डी.चं पहिलंच वर्ष आहे. खाली राहायला येऊन राहिली." मुलीनं भरल्या तोंडानं मान हलवली.

"आई, फाइव्ह इयर्स?"

"हिला तर साडेसहा लागली," काकू माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या. मिलिंदला हसू आवरेना. शनिवारी तो एकटाच परत गेला.

मी दहा दिवसांनी निघाले. मनावरचं ओझं उतरलं होतं, आणि खोटं कशाला बोलू, थोडी रुसलेही होते. इतकी वर्षं राहिले आणि माझी जागा मी असतानाच भरून निघाली? बसस्टॉपवर काकूंनी मला लाडवांचा डबा दिला आणि बस सुटायच्या आतच ड्रायव्हरशी त्याच्या मुलीच्या गणिताविषयी बोलायला लागल्या.

मिसिसागात माझा विसाव्या मजल्यावर कॉन्डो आहे. लिफ्टमध्ये रोज तेच चेहरे भेटतात आणि आम्ही सगळे आकड्यांकडे बघत उभे राहतो. जूनमध्ये पदवीदानासाठी मी गावी गेले. काकू बाजारात गेल्या होत्या. अनुजानं चहा टाकला, आणि मी जरा खोचकपणेच विचारलं, "काकूंना तू शोधलंस की काकूंनी तुला?"

"मी कुठे शोधतेय, ताई? मी वॉशरूम शोधत होते," अनुजा म्हणाली. "आईशी फोनवर बोलत होते ते काकूंनी ऐकलं. नाव, गाव, काय शिकतेस विचारलं आणि म्हणाल्या, आता मी काहीही बोलले तरी मान हलव. मी हलवली. मला खोली नकोच होती, मी विद्यापीठाच्या रेसिडेन्समध्ये राहत होते."

"मग इथे कशी आलीस?"

"तुम्ही गेल्यावर त्यांनी मला जेवायला बोलावलं, थापेत ओढलं म्हणून. आत आले तर पॅसेजमध्ये दोन मोठ्या बॅगा भरून ठेवलेल्या. म्हणाल्या, मुलगा विचारेल तेव्हा खरं सांगेन आणि जाईन. ती पोर हलक्या मनानं गेली, तेवढं काम झालं." अनुजानं कपात चहा ओतला. "जेवण झाल्यावर मी म्हटलं, काकू, बॅगा उघडा. कपडे दोघींनी मिळून परत कपाटात लावले."

माझ्यानं चहा घेववेना. मी तशीच बाहेर आले. काकू कोपऱ्यावरून येत होत्या, दोन्ही हातांत पिशव्या, सोबत कोणीतरी प्राध्यापक, गप्पा रंगलेल्या. मी पळत जाऊन त्यांच्या गळ्यात पडले आणि भर रस्त्यात, त्या प्राध्यापकासमोर, हमसून रडले. काकूंनी पिशव्या खाली ठेवल्या आणि माझ्या पाठीवर थोपटलं.

"आता कायले रडून राहिली? पास झाली ना तू?"